कांचेच्या पाटीवरील इतिहास



सोलापूर जिल्ह्यांत कोणत्याहि वाटेनें जा, घराच्या भिंतीवर, दुकानाच्या गल्ल्यामागें किंवा मोटारीच्या आरशाखालीं अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची तसबीर दिसल्यावांचून राहत नाहीं. कित्येक तसबिरी रंगविलेल्या असतात, कित्येक छापील असतात. पण त्यांच्या मुळाशीं प्रकाशचित्र आहे, हें चेहऱ्याच्या ठेवणीवरूनच ध्यानांत येतें. चिताऱ्याच्या हातून देवाचा चेहरा घडतो तसा हा घडलेला नाहीं. समोर रोखलेली ती दृष्टि कोणा एका दिवशीं, कोणा एका माणसाच्या भिंगासमोर खरोखरच रोखलेली होती. ह्या तसबिरीविषयीं एक गोष्ट आमच्याकडे मोठ्या हौसेनें सांगतात. कोडॅक नांवाच्या अमेरिकन कंपनीचा कॅमेरा प्रथम हिंदुस्थानांत आला, तेव्हां त्यानें घेतलेलें पहिलें चित्र तें हेंच, अशी ती गोष्ट.

गोष्ट ऐकावयास गोड आहे, परंतु तारखा तिच्या आड येतात. स्वामींनीं देह ठेवला तो १८७८ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस, शके १८०० च्या चैत्रांत. त्या वेळीं कोडॅकचा जनक जॉर्ज ईस्टमन हा न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर गांवीं एका पेढीवर कारकुनी करणारा तेवीस वर्षांचा तरुण होता, आणि प्रकाशचित्रणाचें जड सामान विकत घेऊन नुकता कोठें त्या विद्येचीं मुळाक्षरें गिरवीत होता. त्याची कंपनी निघाली १८८१ मध्यें. 'कोडॅक' हा शब्द आणि त्या नांवाचा कॅमेरा बाजारांत आला तो १८८८ मध्यें, म्हणजे स्वामींच्या समाधीनंतर दहा वर्षांनीं. तेव्हां ती कथा बाजूस ठेवणें भाग आहे. भक्ताच्या श्रद्धेला अमेरिकन कंपनीच्या दाखल्याची कांहीं गरज नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकापुढें मात्र एक प्रश्न शिल्लक राहतो. कोडॅक नव्हे, तर मग १८७८ पूर्वीं आमच्या मुलखांत चित्रें काढीत होतें तरी कोण, आणि कशानें?

ह्या प्रश्नाची वाट मुंबईंत सुरू होते, विजापुराकडून सोलापूरच्या परिसरांत शिरते आणि मग अक्कलकोटास येते. आज तीच वाट धरावयाची आहे. परंतु निघण्यापूर्वीं वाटसरूंच्या गांठोड्यांत काय होतें तें पाहिलें पाहिजे. नाहीं तर त्यांची दमछाक आपल्याला कळावयाची नाहीं.

फ्रान्समध्यें दागेर आणि इंग्लंडांत टॅल्बट ह्या दोघांनीं १८३९ सालीं आपापल्या युक्त्या जगापुढें मांडल्या. दागेरचें चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे; तें एकटेंच, त्याची दुसरी प्रत निघत नसे. टॅल्बटनें कागद घेतला. कागदावर प्रथम उलटें चित्र उठवावयाचें, म्हणजे जेथें उजेड तेथें काळें आणि जेथें सावली तेथें पांढरें. व त्यावरून दुसऱ्या कागदांवर सुलटीं चित्रें हवीं तितकीं छापावयाचीं, ही त्याची रीत. १८४१ मध्यें तिचें पेटंट घेऊन त्यानें तिला कॅलोटाइप हें नांव दिलें. पुढें दहा वर्षांनीं, १८५१ मध्यें, फ्रेडरिक स्कॉट आर्चर नांवाच्या इंग्रज शिल्पकारानें कागदाच्या जागीं कांच आणली, आणि पुढील तीस वर्षें जगाचा कारभार मुख्यत्वें ह्या कांचेवर चालला.

आर्चरची रीत जरा विस्तारानें सांगतों. कापूस गंधकाम्लाच्या व नत्राम्लाच्या मिश्रणांत भिजवून, धुवून वाळविला म्हणजे त्याचा स्फोटक कापूस होतो. तो ईथर व अल्कोहोल यांत विरघळविला कीं काकवीसारखा चिकट, पारदर्शक द्रव तयार होतो. तेंच कलोडियन. ज्या कापसावर सोलापूर वाढलें त्याच कापसाचें हें दुसरें रूप. त्यांत आयोडाइडचा क्षार मिसळीत. मग स्वच्छ पुसलेली कांच एका कोपऱ्याशीं बोटांच्या चिमटींत धरावयाची, तिच्या मध्यावर हा द्रव ओतावयाचा, आणि कांच हळूहळू कलती करीत तो एकेका कोपऱ्यास पोंचवून उरलेला शेवटच्या कोपऱ्यांतून परत बाटलींत सोडावयाचा. हात थरथरला कीं थर उंचसखल झालाच. नंतर अंधारांत ती कांच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत तीन-चार मिनिटें बुडवून ठेवावयाची. बाहेर निघते ती दुधाळ, प्रकाशाला हळवी झालेली. ओली असतांनाच ती कॅमेऱ्यांत घालावयाची, ओली असतांनाच तिच्यावर प्रकाश पाडावयाचा, आणि ओली असतांनाच अंधाऱ्या तंबूंत परत नेऊन तिच्यावर हिराकशीचें पाणी सोडावयाचें. चित्र डोळ्यांदेखत वर येतें. मग हायपोनें किंवा सायनाइडसारख्या जहरानें तें स्थिर करावयाचें, धुवावयाचें, शेगडीवर शेकावयाचें आणि वरून चंद्रसासारख्या राळेचें रोगण चढवावयाचें.

एवढा सारा खटाटोप मिनिटांच्या हिशेबानें उरकावा लागे, कारण थर वाळला कीं कांच वाया गेली. आतां ह्यांत सोलापूरचें ऊन घाला. ईथर सुमारें पस्तीस अंशांवर उकळतें, आणि आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिसाच्या पलीकडे जातो. म्हणजे बाटलीचें बूच काढतांच निम्मा माल हवेंत, आणि उरलेला कांचेवर पसरतो न पसरतो तोंच त्याची साय धरलेली. विलायतेच्या धुक्यांत बसून लिहिलेल्या कृती येथें जशाच्या तशा लागू पडत नसत. पहाटे काम करणें, अल्कोहोल वाढवून ईथर कमी करणें, तंबूवर ओलीं कापडें टाकणें, असले उपाय ज्याचे त्यानें शोधावयाचे. पाण्याचीहि तीच तऱ्हा. विहिरीच्या पाण्यांतील क्षार सिल्व्हर नायट्रेटला भेटले कीं पाणी गढुळलें. म्हणून पावसाचें नाहीं तर ऊर्ध्वपातित पाणी लागे. हाताच्या बोटांना सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग पडत ते धुवून जात नसत. त्या काळच्या प्रकाशचित्रकाराला ओळखण्याची ती एक खूणच होती.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. चित्र मागाहून मोठें करण्याची सोय त्या वेळीं जवळ जवळ नव्हती. कांच ज्या आकाराची, चित्र त्याच आकाराचें. फूटभर लांबीचें चित्र हवें तर फूटभर लांबीची कांच आणि ती मावेल एवढा लांकडी कॅमेरा. आज ज्या यंत्राला हौशी लोक मोठ्या आकाराचा कॅमेरा म्हणून कौतुकानें हाताळतात, तें त्या काळीं कौतुकाचें नव्हतें, गरजेचें होतें. तयार कांच खास कागदावर दाबून उन्हांत ठेवीत आणि सूर्याकडून छपाई करून घेत. हा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे. ज्या सोंवळ्या घरांत अंड्याचें नांवहि काढीत नसत, त्या घरांतील आजोबांची तसबीर अंड्याच्या बलकावर उमटून देवघराशेजारीं दिमाखानें टांगलेली असे. कोणी विचारलें नाहीं, कोणी सांगितलें नाहीं. सर्वांचेंच सोंवळें राहिलें!

असो. आतां मुंबईस जाऊं. १८५४ च्या ऑक्टोबरांत मुंबईस 'फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. लंडनची अशीच संस्था तिच्याहून केवळ एक वर्षानें वडील. कलकत्त्याची व मद्रासची मंडळें मागाहून, १८५६ मध्यें निघालीं. म्हणजे हिंदुस्थानांत ह्या बाबतींत अग्रपूजेचा मान मुंबईचा. लष्करांतील अधिकारी, डॉक्टर, व्यापारी आणि सरकारी नोकर असे हौशी लोक तेथें एकत्र जमत, निबंध वाचीत, चित्रें मांडीत, कोणाची कृती उन्हाळ्यांत टिकली व कोणाची फसली ह्याची चर्चा करीत. संस्थेचें मासिकहि निघे. बाजारांत तयार माल मिळत नव्हता, तेव्हां ज्ञान हाच माल होता. आणि तो एकमेकांना दिल्यावांचून कोणाचेंच काम चालत नव्हतें.

ह्या मंडळींत आपल्या अभिमानाचीं दोन नांवें आढळतात: डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी. मूळचें हें घराणें गोव्यांतील मांद्र्याचें. दोघेहि ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकले. भाऊ दाजी तर १८५१ मध्यें बाहेर पडलेल्या तेथील पहिल्या तुकडींतले. भाऊ दाजींची कीर्ति वैद्यक, शिलालेखांचें वाचन आणि लोकसेवा ह्यांमुळें सर्वश्रुत आहे, आणि भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून त्यांचें नांव आहे. नारायण दाजी त्या मानानें मागें पडले. पण प्रकाशचित्रणांत धाकट्यानेंच अधिक मजल मारली. ते स्वतः चित्रें घेत, प्रदर्शनांत मांडीत, आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरहि होते. रसायनशास्त्र शिकलेला डॉक्टर ह्या नव्या विद्येकडे वळावा ह्यांत नवल नाहीं. जी बाटली दवाखान्यांत तीच अंधाऱ्या खोलींत.

येथें कलकत्त्याकडे एक दृष्टिक्षेप टाकण्यासारखा आहे. तेथील सोसायटींत थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र हे खजिनदार होते. १८५७ मध्यें त्यांनीं एका जाहीर सभेंत निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांविरुद्ध तोंड उघडलें, आणि त्याबद्दल त्यांना सोसायटींतून काढून टाकण्यांत आलें. कॅमेऱ्यापुढें सर्व सारखे दिसतात. कॅमेऱ्यामागें मात्र तसें नव्हतें.

मुंबईनें आणखी एक पाऊल टाकलें. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें प्रकाशचित्रणाचा वर्ग उघडला. साहेबाच्या हौसेची विद्या आतां एतद्देशीय विद्यार्थ्यांच्या हातीं आली. ह्याच वर्गांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनीं मुंबईंत स्वतःचा धंदा मांडला, आणि १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. प्रकाशचित्रणावर पोट भरणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत त्यांची गणना होते. गृहस्थ मोठे खटपटी. १८७९ मध्यें कर्नल ऑलकॉट व मादाम ब्लाव्हाट्स्की हे थिऑसॉफीचे पुरस्कर्ते मुंबईस उतरले ते प्रथम ह्यांच्याच आश्रयानें. आणि पाहुणचाराचें बिल हातीं पडतांच यजमान-पाहुण्यांचें फाटलें, अशी हकीकत ऑलकॉटनें नमूद केली आहे. ती त्यांची एक बाजू झाली. आपल्याला येथें त्यांच्या कांचेशीं कर्तव्य आहे, बिलाशीं नाहीं.

ज्या वर्षीं मुंबईस हा वर्ग निघाला त्याच १८५५ सालीं सोलापूरच्या दक्षिणेस एक कॅमेरा हिंडूं लागला. जुन्या इमारतींचीं चित्रें हातानें काढून घेण्यांत वेळ व पैसा फार जातो, ह्यापुढें प्रकाशचित्रें घ्यावीं, असें ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनीं ठरविलें, आणि मुंबई सरकारनें तोफखान्यांतील कॅप्टन टॉमस बिग्ज ह्यास ह्या कामावर नेमलें. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल हीं त्याचीं कार्यक्षेत्रें. वर्ष संपतें तों त्याला पलटणींत परत बोलावलें आणि डॉ. पिगू नांवाच्या वैद्यखात्यांतील अधिकाऱ्यानें काम पुढें चालविलें.

विजापूर सोलापुराहून सुमारें साठ मैल. रेल्वे सोलापुरास पोंचली ती १८६० मध्यें. बिग्जच्या वेळीं सामान वाहून न्यावयाचें तें बैलगाडीनें, नाहीं तर माणसाच्या डोक्यावर. बिग्जनें कांच न वापरतां कॅलोटाइपचा कागद वापरला, ह्याचें एक कारण ह्या मुलखाचें हवामान पाहिलें कीं उमगतें. कागद हलका, फुटत नाहीं, आणि आदल्या रात्रीं तयार करून ठेवतां येतो. ओल्या कांचेसारखा तो जागच्या जागीं उरकण्याचा हट्ट धरीत नाहीं. त्याची किंमत द्यावी लागते ती बारकाव्यांत. कागदाचा तंतु चित्रांत उतरतो आणि कडा किंचित् विरघळल्यासारख्या होतात. गोल घुमटाच्या भव्यतेला तें मानवतेंहि. अवजड दगड आणि दाट सावली ह्यांना कागदाचा खरबरीतपणा शोभून दिसतो. परंतु कोरीव अक्षरांचा शिलालेख वाचावयाचा असेल तर कांचेचीच कास धरावी लागे.

हीं चित्रें लोकांपुढें आलीं तीं अकरा वर्षांनीं. १८६६ मध्यें लंडनच्या जॉन मरे ह्या प्रकाशकानें विजापूरच्या वास्तुशिल्पावर एक भला थोरला ग्रंथ काढला. त्या वेळीं छापील मजकुराशेजारीं प्रकाशचित्र छापण्याची युक्ति रुळली नव्हती. म्हणून सूर्यप्रकाशांत काढलेलीं खरींखुरीं चित्रें एकेक करून पानांवर चिकटविलेलीं आहेत. त्यांतील ऐतिहासिक विवेचन लिहिलें तें कॅप्टन मेडोज टेलर ह्यानें. हा टेलर आमच्या भागाला परका नाहीं. १८५३ पासून १८५७ पर्यंत तो नळदुर्गास डेप्युटी कमिशनर होता. सोलापुराहून हैदराबादेकडे जातांना जो किल्ला लागतो, ज्याच्या पाणीमहालावरून पावसाळ्यांत बोरी नदीचें पाणी कोसळतें, तोच हा नळदुर्ग. तुळजापूर व विजापूर ह्यांच्याभोंवतीं गुंफलेली 'तारा' ही कादंबरी त्याचीच. ह्या मुलखाचा इतिहास त्यानें लिहिला तो घोड्यावरून हिंडून, लोकांशीं बोलून.

त्या ग्रंथाचें मुखपृष्ठ मात्र मी आपणांस जरा थांबून वाचावयास सांगेन. त्यांत नांवें कोणाचीं? नकाशे व रेखाचित्रें कॅप्टन हार्ट व कमिंग ह्यांचीं, जागेवर घेतलेलीं प्रकाशचित्रें कर्नल बिग्ज व मेजर लॉक ह्यांचीं, वास्तुविषयक टिपणें फर्ग्युसनचीं. सर्वांचे हुद्दे आहेत. जो वारला होता त्याचा कैलासवासी म्हणून निर्देशहि आहे. आणि हार्ट व कमिंग ह्यांच्या पाठोपाठ दोन शब्द येतात: 'नेटिव्ह ड्राफ्ट्समेन', म्हणजे एतद्देशीय नकाशे काढणारे. ते किती होते, कोठले होते, त्यांचीं नांवें काय, कांहीं नाहीं. निदान त्यांचा उल्लेख तरी झाला. ज्यांनीं तंबू ठोकला, पाणी शेंदलें, कागद वाळविले, तिवई खांद्यावर घेतली, त्यांच्या वांट्यास तेवढेंहि आलें नाहीं. सॅम्युअल बोर्न ह्या विख्यात इंग्रज प्रकाशचित्रकारानें १८६३ मध्यें हिमालयाची पहिली सफर केली तेव्हां त्याचें सामान वाहण्यास तीसेक हमाल लागले होते. बोर्नचें नांव जगाला ठाऊक आहे. त्या तिसांपैकीं एकाचें आपण सांगूं शकतों काय?

हें मनांत ठेवून आतां अक्कलकोटास येऊं. रेल्वे सोलापुरापुढें सरकत १८७१ मध्यें रायचुरास पोंचली, आणि अक्कलकोट रोड हें स्टेशन त्याच वाटेवर आहे. म्हणजे स्वामींच्या हयातीच्या शेवटच्या सात वर्षांत मुंबई-पुण्याकडचा प्रकाशचित्रकार आपले पेटारे घेऊन गाडीनें अक्कलकोटच्या वेशीनजीक येऊं शकत होता. स्वामींच्या दर्शनास दूरदूरचे लोक येत. त्यांत असा एखादा आला असेल, किंवा कोणी हौशी भक्तानें त्याला मुद्दाम आणलें असेल. त्याचें नांव आपल्या हातीं नाहीं. त्याचें यंत्र व त्याची रीत ह्यांविषयीं मात्र बरेंच ठामपणें बोलतां येतें. तयार कोरड्या कांचा बाजारांत सर्रास मिळूं लागल्या त्या १८७८ च्या नंतर. डॉ. मॅडॉक्स ह्यानें जिलेटिनच्या कोरड्या थराची कल्पना १८७१ मध्यें मांडली होती खरी, परंतु ती व्यवहारांत उतरावयास बराच काळ गेला. तेव्हां अक्कलकोटास जो आला त्यानें बहुधा ओली कांचच आणली असणार. आणि तंबू, चांदीचें पाणी, हिराकस हा सारा संसारहि तिच्याबरोबर.

ओल्या कांचेला प्रकाश पुरेसा मिळावयास कांहीं सेकंद लागत, सावलींत अधिकच. तेवढा वेळ समोरच्यानें हलूं नये. पेढीवर चित्र काढावयास येणाऱ्या गृहस्थाच्या मानेमागें, त्याला दिसणार नाहीं असा, लोखंडी चिमटा लावीत, तो ह्याचसाठीं. जुन्या चित्रांतील आपले पूर्वज इतके गंभीर कां, असें मुलें विचारतात. ते गंभीर नव्हते, ते श्वास रोखून होते. आतां अक्कलकोटच्या त्या बैठ्या मूर्तीकडे पुन्हां पाहावें. सायास न करतां स्थिर बसलेला देह आणि न ढळणारी नजर ओल्या कांचेला हवी तशीच होती. कोडॅकच्या कथेनें हा सारा प्रसंग चुटकीसरशी संपविला होता. कळ दाबली, चित्र झालें! खरा प्रसंग तसा नव्हता. एक माणूस काळ्या कापडाखालीं डोकें घालून उलट्या प्रतिमेकडे पाहत होता, दुसरा कोणी तंबूंत कांच ओली करीत होता, बाहेर भक्तांची दाटी होती, आणि सर्वांना कांहीं क्षण गप्प राहावें लागलें होतें.

१८८० नंतर हा संसार झपाट्यानें मोडला. कोरड्या कांचा खोक्यांतून येऊं लागल्या, मग फिल्मची गुंडाळी आली. चित्रकाराच्या हातचें काम कारखान्यांत गेलें आणि तो गिऱ्हाईक झाला. ह्यांत लोकांचा लाभ झाला हें नाकारतां येत नाहीं. ज्या घरांत एकहि तसबीर नव्हती तेथें अल्बम आले. परंतु जुन्या रीती मेल्या म्हणावें तर तसेंहि झालें नाहीं. त्या निराळ्या दारानें पुन्हां घरांत शिरल्या. वर्तमानपत्रांत चित्र छापण्यासाठीं जस्ताचे व तांब्याचे ठोकळे करूं लागले, आणि त्या कामाला लागणारी निव्वळ काळी-पांढरी, कडक निगेटिव्ह ओल्या कलोडियनइतकी दुसऱ्या कशानें साधेना. त्यामुळें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठोकळे करणाऱ्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत आर्चरची कांच ओलीच राहिली. दादासाहेब फाळके ह्याच वाटेनें आले. बडोद्याच्या कलाभवनांत ते प्रकाशचित्रण व ठोकळ्यांचें काम शिकले, गोध्र्यास त्यांनीं स्टुडिओ घातला, पुराणवस्तु खात्यांत चाकरी केली, १९०८ मध्यें लोणावळ्यास छापखाना काढला, आणि मग १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. चित्रपटाच्या जनकाचे हात आधीं रसायनांनीं काळे झाले होते.

दुसरें दार निळ्या कागदाचें. ज्योतिषी सर जॉन हर्शेल ह्यानें १८४२ मध्यें लोखंडाच्या दोन क्षारांपासून एक स्वस्त रीत काढली. कागदाला तें मिश्रण फांसावयाचें, वर वस्तु किंवा रेखाचित्र ठेवून उन्हांत धरावयाचें, आणि नुसत्या पाण्यानें धुवावयाचें. ऊन लागलें तेथें गडद निळें, झांकलें तेथें पांढरें. चांदी नको, ईथर नको. कारखाने व रेल्वे ह्यांचे नकाशे पुढें कित्येक दशकें ह्याच रीतीनें उतरविले गेले, आणि 'ब्ल्यू प्रिंट' हा शब्द मराठींतहि रुजला. १८७७ मध्यें सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून गिरण्यांवर पोसलेल्या सोलापुरांत, यंत्रें बसविणाऱ्या फिटरच्या हातीं जो निळा कागद असे, तें वास्तविक एक मोठें प्रकाशचित्रच होतें. त्याला तसें कोणी म्हटलें नाहीं.

आज ह्या रीतींना 'पर्यायी' असें नांव पडलें आहे. एके काळीं ज्यांच्यावांचून पर्याय नव्हता त्याच आतां पर्यायी! हौशी माणसें पुन्हां मिठाचा कागद, निळा कागद, डिंक व बायक्रोमेटचें मिश्रण, ओली कांच हें सारें करूं लागलीं आहेत. गोव्यांत अशा रीती शिकविणारें एक केंद्रहि निघालें. निळ्या कागदापुरतें पाहिलें तर सोलापूरच्या शाळकरी मुलालाहि तें साधेल, कारण त्याला मुख्य भांडवल लागतें तें उन्हाचें, आणि त्याचा येथें कधीं तोटा नाहीं.

चिंता वाटते ती जुन्या कांचांची. कागदी प्रत मूळ नव्हे. मूळ ती कांच. १९९१ मध्यें कलकत्त्याच्या बोर्न आणि शेफर्ड ह्यांच्या इमारतीस आग लागली आणि सव्वाशे वर्षांचा संग्रह बव्हंशीं एका दिवसांत गेला. ह्याच्या उलट, इंदूरच्या होळकर संस्थानांत ज्यांचा उत्कर्ष सुरू झाला, पुढें निजामाचे चित्रकार झाले आणि १८९६ मध्यें ज्यांनीं मुंबईसहि स्टुडिओ थाटला, त्या राजा दीनदयाळ ह्यांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून अधिक कांचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत सुरक्षित आहेत. थोरांचें असें कांहीं तरी होतें. तालुक्याच्या गांवीं बंद पडलेल्या लहान स्टुडिओच्या माळ्यावरील कांचांचें काय होतें? थर खरवडला कीं कांच तसबिरीच्या चौकटीस किंवा खिडकीस उपयोगी पडते, आणि ती त्या कामीं गेलेलीहि आहे.

आपल्यापैकीं कोणाच्या घरीं अशी जुनी कांच असेल, तर तिला पाण्याचा हात लावूं नका, पुसूंहि नका. कडांना धरून उचला, एकेक निराळ्या कागदांत उभी ठेवा. बघावयाचीच असेल तर काळ्या कापडावर धरून तिरक्या उजेडांत बघा. ओल्या कलोडियनची असेल तर उलटें चित्र त्या काळोखावर सुलटें होऊन वर येतें. पहिल्यानें चेहऱ्याकडे लक्ष जाईल. मग कोपऱ्यांकडे पाहा. तीन कोपऱ्यांपर्यंत थर पोंचलेला असतो; पुष्कळदां चौथ्या कोपऱ्यांत तो नसतो, किंवा तेथें बोटाच्या रेषांचा एक फिकट ठसा असतो. कलोडियन ओततांना कांच जेथें धरली होती ती ही जागा. चित्रांतील गृहस्थाचें नांव मागें लिहिलेलें सांपडेल, स्टुडिओचा शिक्काहि सांपडेल. हा अंगठा कोणाचा, तें मात्र कोठें लिहिलेलें नसतें.